लठ्ठ उंदराची साक्ष

लठ्ठ माणसाला ‘जिभेवर ताबा नाही’ असे आपण सहज म्हणतो. १९४९ साली अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत असेच खादाड, लठ्ठ उंदीर आढळले. पुढे डग्लस कोलमन यांनी असा उंदीर आणि निरोगी उंदीर यांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडले, तेव्हा लठ्ठ उंदराचे खाणे कमी झाले. म्हणजे निरोगी रक्तातले काहीतरी त्याच्याकडे नव्हते. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला त्यामागचे जनुक सापडले. त्यातून बनणारे लेप्टिन हे संप्रेरक चरबीचा साठा पुरेसा असल्याचे मेंदूला कळवते. जन्मतः लेप्टिन नसलेल्या मोजक्या मुलांना त्याच्या इंजेक्शनांनी गुण आला. बहुतेक लठ्ठ माणसांत मात्र लेप्टिन भरपूर असते. मेंदू त्याला दाद देत नाही. उंदराकडून सर्वांसाठी औषध मिळाले नाही. तरी सारा दोष जिभेवर टाकण्यापूर्वी त्याची साक्ष ऐकायला हवी.