भरतीच्या पोरांचे बूट, मॅरेथॉनवाल्यांचे बूट

पहाटे पाचच्या सुमारास वर्ध्याहून सेवाग्रामकडे किंवा पवनारकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहिलं की जिल्ह्यात कोण धावतं ते दिसतं. मुंबईच्या मॅरेथॉनसाठी किलोमीटर जमवणारे डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतले लोक त्यात आहेत. पण खरी गर्दी असते पोलीस भरती, अग्निवीर आणि वनरक्षकाची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांची आणि पोरींची. देवळी, सेलू, समुद्रपूर, आर्वीकडच्या खेड्यांतून आलेली, शहरात खोली करून राहणारी ही मुलं. कुणाच्या पायात महागडा जोडा, कुणाच्या पायात ‘फर्स्ट कॉपी’, कुणी अनवाणी. त्यांच्या घरी बुटांचे पैसे बहुधा कापूस-सोयाबीनच्या हिशेबातून निघतात. तो पैसा चुकीच्या जोड्यावर गेला तर नुसते पैसे जात नाहीत, नडगी दुखावते आणि भरतीची एक संधीही जाते.

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यातले २० गुण मुलांना १६०० मीटरचे आणि मुलींना ८०० मीटरचे. मुलाला पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत यावं लागतं, म्हणजे किलोमीटरला साधारण सव्वातीन मिनिटं. पाच तासांत मॅरेथॉन पुरी करणारा हौशी धावपटू तेच किलोमीटर सात मिनिटांत कापतो. वेगात एवढा फरक असला तरी दोघांचा रोजचा सराव सारखाच असतो : सकाळी पाच-दहा किलोमीटर, बोलता येईल अशा गतीने. दुखापती होतात त्या याच सरावात. म्हणून जोडा निवडायचा तो परीक्षेच्या पाच मिनिटांसाठी नव्हे, त्याआधीच्या सहा महिन्यांसाठी.

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीवर पडतो. पाच तासांच्या मॅरेथॉनमध्ये अशी चाळीस हजारांवर पावलं पडतात. हा भार झेलायला बुटाच्या वरच्या कापडाच्या आणि खालच्या रबराच्या मध्ये एक फोमचा थर असतो, त्याला मिडसोल म्हणतात. बुटाची किंमत मुख्यतः या थराची असते आणि ‘फर्स्ट कॉपी’मध्ये हाच थर फसवा असतो. नाव हुबेहूब, शिलाई हुबेहूब, पण फोम साधा. त्यापेक्षा कमी नावाच्या कंपनीचा खरा जोडा केव्हाही चांगला.

दुकानात गेलं की पहिला सल्ला मिळतो तो तळव्याच्या कमानीचा. पाय ओला करून फरशीवर ठसा उमटवायचा, पाय सपाट आहे की कमानदार ते ठरवायचं आणि त्यानुसार ‘स्टॅबिलिटी’ (पाय आत कलू न देणारा) किंवा ‘न्यूट्रल’ (साधा) जोडा घ्यायचा. ऐकायला पटतं. पण याची तपासणी नेमकी भरती झालेल्या जवानांवरच झाली आहे. २००९-१० च्या सुमारास अमेरिकेचं लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअर यांच्या नव्या प्रशिक्षणार्थींना दोन गटांत विभागण्यात आलं. एका गटाला तळव्याच्या आकारानुसार बूट दिले, दुसऱ्याला आकार न बघता सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. ठशावरून जोडा ठरवणाऱ्या विक्रेत्याची नियत वाईट नसते, पण त्याच्या सल्ल्याला आधार कमी आहे.

मग कशाला आधार आहे? कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलं. त्यांच्या गटाने सैनिकांना बुटात घालायचे सहा प्रकारचे तळ दिले आणि ज्याला जो सुखावह वाटेल तो निवडायला सांगितलं. कुणाला मऊ आवडला, कुणाला टणक. निवड वेगवेगळी होती, तरी स्वतः निवडलेला तळ वापरणाऱ्यांत दुखापती कमी झाल्या. २०१५ मध्ये निग यांनी त्यावर आपलं मत मांडलं : जो जोडा धावताना पायाला सुखाचा वाटतो, तोच बहुधा त्या शरीराला मानवतो. मला हे मत फार मोलाचं वाटतं, कारण ते खेड्यातल्या मुलाला कुठल्याही यंत्राशिवाय वापरता येतं. अट एकच. सुख धावून तपासायचं, बाकावर बसून नाही. जोडा घालून दुकानासमोर शे-दोनशे मीटर पळून पाहा. कुठे टोचलं, टाच उचलली गेली, करंगळी दबली, तर ‘वापरून सैल होईल’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. धावण्याचा बूट पहिल्या दिवसापासून बसला पाहिजे.

मापाच्या बाबतीत वर्ध्याची एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. गांधीजींच्या काळात शहरालगतच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकर चर्मालय चालवत. तिथे मेलेल्या जनावरांच्या कातड्यावर काम होई. स्वतः गांधीजी दक्षिण आफ्रिकेत चपला शिवायला शिकले होते आणि त्यांनी केलेला एक जोड तिथल्या जनरल स्मट्स यांनी वर्षानुवर्षं जपला होता. असा हाताने चप्पल करणारा कारागीर गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची रेघ काढत असे, चप्पल त्या रेघेवर बेतली जाई. कारखान्यातला बूट ठरावीक साच्यावर निघतो, तेव्हा आता रेघ आपणच काढायची. संध्याकाळी, पाय दिवसभराने थोडे फुगलेले असताना, मोजे घालून कागदावर उभं राहा आणि दोन्ही पायांची रेघ काढा. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाचं माप धरा आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा. मग तो कागद बुटाच्या तळाशी लावून पाहा. पंजाची रेघ तळाच्या बाहेर जात असेल तर तो बूट तुमचा नाही.

ही पंजाची बाब आपल्याकडे दुर्लक्षित राहते. अनवाणी आणि चपलेवर वाढलेल्या माणसाचा पंजा रुंद असतो. दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांवर बेल्जियन संशोधकांनी २००९ मध्ये केलेल्या अभ्यासातही तेच दिसलं. परदेशी साच्याचा अरुंद बूट अशा पायाला चावतो. मग मुलं एक नंबर मोठा घेतात, टाच आत घसरत राहते आणि नखं काळी पडतात. काही कंपन्या ‘वाइड’ माप काढतात, पण जिल्ह्याच्या ठिकाणी ते सहसा मिळत नाही. नागपूरला जाणं झालं तर विचारून घ्यावं. मुलींची अडचण याच्या उलट. पुरुषांचा लहान नंबर त्यांना दिला जातो आणि टाचेकडे तो सैल राहतो. बायकांच्या साच्यावरचा जोडा मागणं हा त्यांचा हक्क आहे.

अनवाणी पळणाऱ्यांना उगाच घाबरवू नये. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० मध्ये रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच धावत असे. पुढे २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक तिने मिळवलं. बालपणापासून सवय असलेला पाय मजबूत असतो. घोटाळा होतो तो अचानक बदल केल्याने. अनवाणी पायाला एकदम जाड तळाचा बूट किंवा जाड तळाची सवय असलेल्याला एकदम पातळ बूट, दोन्हींत पायावर ताण येतो, पातळ बुटात विशेषतः पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर. नवा प्रकार पायाला लावायला तीन-चार आठवडे द्यावेत, आधी एक-दोन किलोमीटर, मग हळूहळू जास्त.

आता जमीन. वर्ध्याची माती काळी, कापसाची. पावसाळ्यात ती बुटाला थरावर थर चिकटते, पाव किलोचा बूट बघता बघता जड होतो आणि खोल खाचांचा ट्रेल शूसुद्धा मातीने भरून गुळगुळीत होतो. या मातीवर पाऊस असताना धावू नये, डांबरी रस्ता धरावा, एवढंच याचं उत्तर आहे. कोरड्या दिवसांत पांदण रस्त्यावर, मुरमावर पळणाऱ्यांनी मध्यम खाचांचा, टिकाऊ रबराचा तळ बघावा. सिमेंटचे रस्ते ओले झाले की निसरडे होतात, तिथे खाली उघडा फोम असलेले हलके बूट धोक्याचे.

उन्हाळा तर विचारू नका. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा टिनाच्या छपरावर वाळत घातलेला बूट आपलं आयुष्य तिथेच गमावतो. डिंक सुटतो, फोम मरतो. भिजलेला जोडा आतला तळ काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावा. मोज्यांचंही सांगायला हवं. कापसाच्या जिल्ह्यात हे सांगणं जिवावर येतं, पण धावायला सुती मोजा चांगला नाही. तो घाम धरून ठेवतो आणि फोड येतात. नायलॉन-पॉलिस्टरचा पातळ मोजा घ्या.

जोडा किती चालतो? साधारण ५०० ते ८०० किलोमीटर. रोज सहा किलोमीटर, आठवड्यात सहा दिवस धरले तर सव्वातीन ते पाच महिने. वरून नवा दिसतो, म्हणून मुलं तो वर्षभर ओढतात. टेबलावर ठेवून मागून बघा : बूट एका बाजूला कलला असेल, मिडसोलवर खोल सुरकुत्या असतील किंवा कारण नसताना नडगी-गुडघे कुरकुरू लागले असतील, तर त्याचं काम संपलं. ऐपत असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरावेत. लक्झेंबर्गमधल्या एका अभ्यासात असे एकाहून अधिक जोड वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्याचं आढळलं. एकाच महाग जोड्याच्या पैशात दोन मध्यम जोड घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कार्बन पट्टीच्या जाड बुटांची चर्चा २०१९ मध्ये व्हिएन्नात केनियाचा एलियुड किपचोगे असे बूट घालून मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला तेव्हापासून वाढली. हे बूट वेगवान धावपटूंची ऊर्जा खरोखर वाचवतात. ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींत तळाच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. पण हळू धावणाऱ्याला लाभ कमी मिळतो आणि तो फोम लवकर थकतो. पंधरा-वीस हजारांचा हा जोडा रोजच्या सरावाला घेणं म्हणजे पैसे वाया.

आणि बूट सगळं करत नाही. बहुतेक दुखापती एकदम अंतर वाढवल्याने होतात. भरतीची जाहिरात निघाली की तीन किलोमीटरवरून थेट दहावर उडी मारणाऱ्या मुलाला कुठलाही जोडा वाचवू शकत नाही. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, रात्रीही दुखत असेल, तर ते हाडाला बारीक तडा गेल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा नवे बूट शोधू नका. धावणं थांबवून सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीच्या रुग्णालयात दाखवा.

भरतीचे वर्ग चालवणाऱ्यांना एक विनंती. वर्गातल्या सगळ्यांना एकाच मॉडेलचे बूट घाऊक घ्यायला लावू नका. दुकानदारांनीही पोरांना जोडा घालून रस्त्यावर दोन फेऱ्या मारू द्याव्यात. प्रत्येकाला आपला जोडा स्वतः धावून निवडू द्या.