बर्फानं नेलेलं पाणी

मागच्या रविवारी आमच्या भिवंडीच्या स्वयंपाकघरात सफरचंदाच्या रसाची एक बाटली उलटी टांगलेली होती. रात्रभर फ्रीझरमध्ये राहून रस दगडासारखा घट्ट झाला होता. बाटली काठोकाठ भरायची नसते, गोठताना पाणी फुगतं. चौथा हिस्सा मोकळा ठेवला होता म्हणून ती फुटली नाही. खाली काचेचा पेला ठेवला. मे महिन्याचा उकाडा असल्यामुळे पाच-सात मिनिटांतच पहिला थेंब पडला. मधासारखा दाट, काळपट पिवळा. पेला एक तृतीयांश भरेपर्यंत बाटलीतल्या बर्फाचा रंग उडून तो पांढरट दिसू लागला. भाचीनं त्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मामा, हा तर नुसता बर्फ आहे." पेल्यातला रस मात्र इतका गोड की दात शिवशिवले.

बर्फाचा स्फटिक फार शिष्ट असतो. पाण्याचे रेणू एका ठरावीक जाळीत बसतात आणि त्या जाळीत साखरेला, आम्लाला, रंगाला जागा नसते. सगळी मंडळी बाहेर, न गोठलेल्या चिंचोळ्या फटींमध्ये ढकलली जातात. बर्फ वितळू लागला की आधी तोच दाट ऐवज निथळतो आणि मागे उरतं ते जवळजवळ साधं पाणी.

हीच युक्ती रसाऐवजी आंबवलेल्या रसावर, म्हणजे सायडरवर केली की जे निथळतं त्याला अमेरिकेत ॲपलजॅक म्हणत. ईशान्य अमेरिकेतले वसाहतकाळातले शेतकरी सायडरची पिंपं कडाक्याच्या थंडीत बाहेर ठेवत, सकाळी वरचा बर्फ काढून फेकत आणि उरलेलं पुन्हा गोठवत. भट्टी नको, सरपण नको. शुद्ध मद्यार्क उणे 114 अंशांपर्यंत गोठत नाही, त्यामुळे बर्फ होतो तो पाण्याचाच. पण थंडीला एक मर्यादा आहे. पाणी निघत गेलं की उरलेल्या द्रवात मद्यार्क वाढतो आणि तो द्रव गोठायला आणखी खालचं तापमान मागतो. उणे 10 अंशांच्या रात्री मजल वीस-बावीस टक्क्यांवर अडते, घरातल्या उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये तीस-तेहतीसवर. त्यापुढे जायचं तर आगच लागते. न्यू जर्सीतली लेअर्ड कंपनी 1780पासून ॲपलजॅकच्या धंद्यात आहे, पण आजचं ॲपलजॅक गोठवून नव्हे, गाळूनच होतं. फ्रान्सच्या नॉर्मंडीत तर सायडर गाळायची रीत 1553च्या एका रोजनिशीत नोंदलेली सापडते. तिथल्या सफरचंदाच्या ब्रँडीला काल्वाडोस म्हणतात आणि ती निदान दोन वर्षं ओकच्या पिंपात राहते.

आमच्याकडे ॲपलजॅक जन्माला येणं शक्यच नव्हतं. भिवंडीच्या पुढे वाडा-शहापूरकडे निघालात तर थंडीत स्वेटर काढावा लागेल इतकंच. हंडा काही गोठत नाही. आमच्या भागातलं फळाफुलांचं मद्य आगीचं आहे: मोहाची. वाळलेली फुलं भिजवून आंबवायची, मडकं चुलीवर चढवायचं आणि वाफ लागते त्या भांड्यावर थंड पाणी ठेवून ते सारखं बदलत राहायचं. मराठीत 'पहिल्या धारेची' हा शब्द विनाकारण आलेला नाही. मद्यार्क 78 अंशांच्या आसपास उकळतो, पाणी 100ला. म्हणून सुरुवातीच्या वाफेत मद्यार्काचा वाटा मोठा असतो आणि धार जसजशी पुढे जाते तसतशी मिळमिळीत होते. इंग्रज सरकारला या धारेचा महसूल हवा होता. 1892च्या कायद्यानं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच बंधनं आली. झाडाखाली पडलेलं फूल वेचणं हा गुन्हा ठरू शकतो ही कल्पना माझ्या तरी पचनी पडत नाही.

गोठवणं आणि गाळणं यांत आणखी एक फरक आहे. गाळताना निदान निवड करता येते: कुठली धार ठेवायची, कुठली टाकायची. गोठवताना फक्त पाणी जातं; बाकीचं बरं-वाईट सगळं तिथंच राहतं आणि दाट होतं. सफरचंदात पेक्टिन असतं (जॅम घट्ट होतो तो त्याच्यामुळे) आणि ते तुटताना थोडं विषारी मिथेनॉल सुटतं. गोठवल्यानं ते वाढत नाही, पण जातही नाही. जून 2015मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं दगावली ती मात्र फळातल्या अशा अंशांनी नव्हे; तिथं दारूत मिथेनॉल बाहेरून आलेलं होतं. कुठल्याही रीतीनं परवान्याशिवाय मद्य करणं महाराष्ट्रात गुन्हाच आहे, तेव्हा फ्रीझरचा प्रयोग साध्या रसावरच करा. तयार मद्य घरी मिसळणं वेगळं. त्यालाही 1949च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिण्याचा परवाना लागतो आणि कडक मद्यासाठी वय 25 पूर्ण लागतं.

आता मिसळण्याकडे. ॲपलजॅकचं सगळ्यात नावाजलेलं कॉकटेल म्हणजे जॅक रोझ. 1914च्या जाक स्ट्रॉबच्या पुस्तकात ते आहे, हेमिंग्वेच्या 1926च्या कादंबरीत नायक पॅरिसच्या हॉटेलात ते पीत बसतो आणि डेव्हिड एम्बरीनं 1948मध्ये ज्या सहा पेयांना पायाभूत मानलं त्यांत त्याचं नाव आहे. नावाच्या जन्मकथा पुष्कळ आहेत; मला पटते ती सगळ्यात साधी: ॲपलजॅकमधला जॅक आणि गुलाबाचा रंग. ब्रँडी 60 मिलिलिटर, लिंबाचा रस 20, डाळिंबाचा पाक 15. एवढंच.

सफरचंदाची ब्रँडी मागितल्यावर नाक्यावरच्या दुकानदारानं नेहमीच्या ब्रँडीची बाटली पुढे केली. आपल्याकडच्या स्वस्त ब्रँडीचा पाया बहुतेक वेळा उसाच्या मळीतून काढलेला मद्यार्क असतो. सफरचंदाचा तिथं काय संबंध! शेवटी भाचा फ्रान्सहून येताना काल्वाडोस घेऊन आला. लिंबाचा प्रश्न नव्हता, आपलं कागदी लिंबू या पेयासाठी उत्तमच. पाकासाठी बाजारातलं लाल सरबत घेऊ नका, ते बहुधा साखर आणि रंग असतं. ग्रेनाडिन या नावातच डाळिंब आहे. सोलापूरकडचं भगवा डाळिंब घ्या, दाणे कुस्करून रस गाळा, तेवढीच साखर घाला आणि मंद आचेवर विरघळेपर्यंतच ठेवा. उकळलंत तर वास जातो. हा रस गमतीचा असतो: चमचाभर रसात चिमूटभर खायचा सोडा टाकला की तो निळसर-हिरवट, मळकट होतो आणि लिंबू पिळलं की पुन्हा लाल. त्यातली अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं आम्लात लाल असतात. जॅक रोझचा गुलाबी रंग जितका डाळिंबाचा तितकाच लिंबाचा.

शेकर नव्हता. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. बर्फ घरचाच, बाहेरचा आणणार असाल तर रंग बघा, 2018पासून महाराष्ट्रात खाण्याजोगा नसलेला बर्फ निळा करायचा नियम आहे. तिन्ही द्रव आणि डबाभर बर्फ घालून पंधरा सेकंद दणदणून हलवलं. डब्याला बाहेरून घाम फुटला, मग बोटं चिकटतील इतका तो गार झाला. झाकण काही केल्या उघडेना, कारण आतली हवा थंड होऊन आकसली होती आणि बाहेरची हवा झाकण दाबून बसली होती. कडेला चमच्यानं उचकटल्यावर सुस्कारा टाकावा तसा आवाज करून ते सुटलं.

थर्मामीटरनं उणे 5 दाखवलं. बर्फ वितळतो शून्याला, मग पेय शून्याच्या खाली कसं गेलं? ज्यांनी लहानपणी पॉटचं आइस्क्रीम फिरवलंय त्यांना याचं उत्तर हातांनी ठाऊक आहे. बर्फात खडेमीठ टाकलं की बर्फ वितळायला लागतो आणि तरीही जास्त थंड होतो. वितळण्यासाठी प्रत्येक ग्रॅमला 80 कॅलरी उष्णता लागते, ती तो आजूबाजूनं ओढून घेतो. इथं मिठाचं काम मद्यार्क करतो. 1880च्या दशकात राऊल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं यामागचं गणित मांडलं: पाण्याचा गोठणबिंदू किती उतरणार हे विरघळलेल्या रेणूंच्या संख्येवर ठरतं, ते रेणू कशाचे आहेत यावर फारसं नाही.

हिशेबच करून बघा. 33 अंशांच्या खोलीतलं 95 ग्रॅम पेय उणे 5पर्यंत उतरवायला साधारण 40 ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. म्हणजे पेल्यातल्या पेयाचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसतं बर्फाचं पाणी. चाळीस टक्क्यांची ब्रँडी अठरावर येते, जीभ भाजणं थांबतं आणि सफरचंदाचा वास वर येतो. काही हौशी मंडळी बाटली आधीच फ्रीझरमध्ये ठेवतात आणि मग पेय फार कडक लागतं म्हणून कुरकुरतात. लागणारच. गार बाटलीमुळे बर्फ फारसा वितळलाच नाही, मग पाणी येणार कुठून? ॲपलजॅकवाल्या शेतकऱ्यानं थंडीभर खपून बर्फाच्या हाती जे पाणी बाहेर काढलं, त्यातलं थोडं बर्फच पंधरा सेकंदांत परत आणून देतो.

भाची अठराची, तेव्हा तिच्यासाठी सकाळचा तो निथळलेला रस होताच. ब्रँडीऐवजी 60 मिलिलिटर रस, लिंबू आणि पाक आधीइतकेच, तोच डबा, तितकेच पंधरा सेकंद. थर्मामीटर उणे 2वर थांबलं. गोडी भरपूर होती, पण ग्लुकोजचा रेणू मद्यार्काच्या जवळजवळ चौपट जड, त्यामुळे तेवढ्याच वजनात रेणू कमी भरतात. आकडा तिला पटेना. तिनं डबा धुतला, नवा बर्फ भरला आणि आता तीस सेकंद हलवून बघते म्हणाली. पुन्हा उणे 2च.