लेकरं लहान असताना कादंबरीचा दुसरा खर्डा

घरात लहान लेकरं असली की लिहिणाऱ्याला सलग चार तास मिळत नाहीत. पहिला खर्डा कपाटात जातो आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतो. यावरची एक वाट आपल्याला बारामतीच्याच मोरोपंतांकडं सापडते. पंतांनी 108 रामायणं रचली असं सांगतात. कथा तीच, पण बंधन दर वेळी नवं. ‘निरोष्ठ रामायणा’त तर ओठ मिटावे लागतील अशी अक्षरंच टाळली.

आपण त्यातून एवढंच घ्यायचं, की एका फेरीत एकच गोष्ट तपासायची. आधी फक्त संवाद, मग प्रसंगांचा क्रम, मग पाल्हाळ. असं ठरलेलं असलं की लेकरू निजल्यावरची वीस मिनिटंही कामी येतात. ते उठलं तर पेन्सिलीची खूण करून थांबायचं. सगळी कादंबरी डोक्यात धरून बसावं लागत नाही.

शेवटचं सलग वाचन मात्र तुकड्यांत होत नाही. त्याला अख्खा रविवार लागतो, आणि त्या दिवशी लेकरं घरातल्या दुसऱ्या कुणी तरी सांभाळायची. बारामती-इंदापुरात नीरा डाव्या कालव्याचं पाणी पाळीनं मिळतं. पाळी आली की त्या माणसाला दुसरं काम कुणी सांगत नाही. या रविवारालाही घरात तेवढाच मान हवा.