माळ्यावरून उतरलेलं घड्याळ

झेनिथ या घड्याळ कंपनीच्या शिकागोतल्या मालकांचा १९७५ सालचा हुकूम त्यांच्या हिशेबानं चुकीचा नव्हता. क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत यांत्रिक घड्याळं कोण घेणार? यंत्रसामग्री भंगारात काढा, असं फर्मान स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावी पोहोचलं. तिथल्या कारखान्यातल्या शार्ल वर्मो या फोरमननं पत्र लिहून विनवण्या केल्या. दाद लागली नाही, तेव्हा त्यानं साचे, कॅम, कटर गुपचूप माळ्यावर नेऊन ठेवायला सुरुवात केली. काय कुठे ठेवलंय, हेही टिपून ठेवलं.

वाचवायचं होतं ते 'एल प्रिमेरो'. मनगटाच्या हालचालीनं आपोआप चावी भरली जाणारा हा क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, १० जानेवारी १९६९ रोजी जाहीर झाला. त्याच वर्षी होयर-ब्राइटलिंगची मंडळी आणि जपानची सेको यांनीही असंच घड्याळ आणलं; पहिला मान कोणाचा, हा वाद शौकीन अजून चवीनं घालतात. एल प्रिमेरोचं वेगळेपण मात्र वादातीत होतं. तासाला ३६,००० ठोके, म्हणजे सेकंदाला दहा. त्यामुळे सेकंदाचा दहावा भाग मोजता यायचा.

याच यंत्राच्या एका आवृत्तीत वार, तारीख, महिना आणि चंद्रकला आल्या. अशा घड्याळातल्या चंद्राची करामत साधी असते. ५९ दात्यांची चकती, तिच्यावर समोरासमोर दोन चंद्र. रोज एक दाता सरकतो. साडेएकोणतीस दिवसांनी एक चंद्र मावळून दुसरा वर येतो. खरा चांद्रमास याहून सुमारे ४४ मिनिटांनी मोठा, म्हणून अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात एका दिवसाचा फरक पडतो. तिथीचा क्षय आणि वृद्धी सांभाळणारे आपले पंचांगकर्ते याला हसतीलही.

१९७८ साली कंपनी पुन्हा स्विस हातात आली. पुढे एबेल या घड्याळ कंपनीनं या यंत्राची मागणी केली आणि माळ्यावरचा ऐवज खाली उतरला. नुसत्या आराखड्यांवर हे जमलं नसतं. प्रत्येक भाग कापणारं अवजार नव्यानं घडवायचं, तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता. जाहिरातींत वर्मोची वीरकथा होते, पण मला त्याची नोंद ठेवण्याची शिस्त अधिक मोलाची वाटते. १९८८ मध्ये रोलेक्सनं हेच यंत्र आपल्या डेटोना घड्याळात बसवलं, मात्र ठोके २८,८०० वर आणून. घोडा शर्यतीचा घ्यायचा आणि दुडक्या चालीनं हाकायचा, असलाच हा प्रकार! पण त्या गिऱ्हाइकानं कारखाना तगवला, हेही खरं.

झेनिथनं २०२४ साली ३८ मिलिमीटरच्या क्रोनोमास्टर ओरिजिनलमध्ये चंद्र पुन्हा आणला. मोजणीचा काटा त्यात दहा सेकंदांत पूर्ण फेरी मारतो.

जुनं चंद्रकलेचं घड्याळ हाती आलंच, तर पौर्णिमा पंचांगात पाहून चंद्र लावा. फक्त मध्यरात्रीच्या आसपास चंद्र लावायचं बटण दाबू नका. तारीख बदलत असताना दाते मोडू शकतात.