जिनिव्हाच्या वहीतला जुना भाव

भिवंडीची ओळख आता यंत्रमागांची आणि गोदामांची असली, तरी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या गावांच्या पट्ट्यात भात हे आजही पावसावर येणारं मुख्य पीक आहे. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंतचा खर्च बांधावर कळतो. पण सरकारनं या भाताला दिलेला भाव 'जास्त' कधी म्हणायचा, हे जिनिव्हात ठरतं. 1995पासून लागू असलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या शेती कराराप्रमाणे विकसनशील देशाला एखाद्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंतच असा आधार देता येतो. मर्यादा वाजवी वाटते. मेख आहे ती मोजण्याच्या रीतीत. हमीभाव आणि जागतिक भाव यांतला फरक म्हणजे अनुदान, असं करार मानतो. आणि हा जागतिक भाव आजचा नसून 1986 ते 1988 या तीन वर्षांचा आहे. भारताच्या तांदळासाठी तो टनाला 262.51 डॉलर धरला आहे.

आता 2018-19चं उदाहरण घ्या. साध्या भाताचा हमीभाव होता क्विंटलला 1750 रुपये. शंभर किलो भाताचा 67 किलो तांदूळ धरला, तर भरडाई सोडून टनाला साधारण 375 डॉलर पडतात. तेव्हा थायलंडचा तांदूळ जगाच्या बाजारात 400 डॉलरच्या वर विकला जात होता. म्हणजे आपल्या शेतकऱ्याला बाहेरच्यापेक्षा कमीच मिळालं. पण जुन्या भावाशी तुलना केल्यामुळे टनामागे शंभराहून अधिक डॉलर अनुदान म्हणून नोंदले गेले. त्या हंगामासाठी भारतानं पाच अब्ज डॉलरच्या आधाराची नोंद केली आणि 10 टक्क्यांची रेघ ओलांडली. 2013मध्ये बाली परिषदेत ठरलेल्या 'शांतता कलमा'चा आसरा होता म्हणून तक्रारीपासून बचाव झाला. हे कलम वापरणारा भारत पहिलाच देश.

श्रीमंत देशांची वही वेगळी आहे. करार होताना जे आधीच भरघोस अनुदान देत होते, त्यांना थोडी कपात करून पुढेही देण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेचा हा हक्क वर्षाला 19.1 अब्ज डॉलरचा आहे. भारताचा शून्य. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या करारामागच्या मसुद्याला, म्हणजे डंकेल प्रस्तावाला, पाठिंबा दिला तो या देशातल्या शेतकऱ्याला उणे अनुदान मिळतं, म्हणजे सरकारच त्याची लूट करतं, हे दाखवत. निदान अचूक होतं. पण ज्यांनी शेतकऱ्याला काही दिलं नव्हतं, त्यांच्या खात्यात पुढे द्यायलाही काही उरलं नाही, हा त्या निदानाचा कडवट उपसिद्धांत.

आक्षेप घेणारे सगळेच श्रीमंत नाहीत. थायलंड आणि पाकिस्तानही भारताच्या सरकारी धान्यसाठ्यांकडे संशयानं पाहतात, आणि जगातल्या तांदळाच्या व्यापारात सुमारे 40 टक्के वाटा असलेल्या देशाला 'मी गरीब' म्हणून सुटता येणार नाही. रेशनसाठी घेतलेलं धान्य निर्यातीत झिरपलं, तर शेजारच्या शेतकऱ्याचा भाव पडतो. 2023च्या जुलैत भारतानं बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, त्याची झळ आफ्रिकेतल्या आयातदार देशांना बसली. हे सगळं मान्य करूनही गळती आणि मोजमाप हे दोन वेगळे प्रश्न राहतात. साठ्यातला तांदूळ परदेशी जाऊ नये म्हणून नियम कडक करावेत. त्यासाठी चाळीस वर्षांपूर्वीचा भाव जपून ठेवायची गरज नाही. हमीभावाऐवजी थेट खात्यात पैसे द्यावेत, असंही सुचवलं जातं. तो आपला घरचा वाद आहे. मात्र सुगीला दारात एकच व्यापारी उभा असेल, तर खात्यातले पैसे भात विकत घेत नाहीत.

शिवाय भारताची मागणी अवाजवी नाही. ताजी वर्षं आधाराला घ्या किंवा महागाईचा हिशोब धरा, एवढंच म्हणणं आहे. अतिमहागाईचा विचार करावा, असं शेती कराराचं 18वं कलमही सांगतं. 2022मध्ये विकसनशील देशांचा जी-33 गट, आफ्रिकी देश आणि कॅरिबियन-पॅसिफिक देशांनी मिळून कायमस्वरूपी तोडग्याचा प्रस्ताव मांडला. 2024च्या अबू धाबी परिषदेतून त्यावर काहीच निघालं नाही. दरम्यान भारताचं चाललं आहे, कारण त्याची धान्यखरेदी जुनी आहे. शांतता कलमाचं छत्र मात्र 2013च्या डिसेंबरपूर्वी सुरू झालेल्या योजनांपुरतंच आहे. आफ्रिकेतल्या एखाद्या देशानं उद्या आपल्या शेतकऱ्याकडून हमीभावानं धान्य घेऊन गरिबांना वाटायचं ठरवलं, तर त्याला तेही मिळणार नाही.