मालाची गाडी आणि विम्याचा कागद

श्रोतेहो, नवरात्र आले किंवा दत्तजयंती जवळ आली की माहूरच्या वाटेला गाड्यांची रीघ लागते. कोणी किनवटकडून येतात, कोणी पैनगंगा ओलांडून, तर कोणी आदिलाबादच्या बाजूने. त्यांत मालाचे टेम्पो नि पिकअपही असतात. काल ज्या हौद्यात कापूस भरला होता, त्यात आज बायकामुले बसलेली. अशा गाडीच्या मालकाला मी एकच विचारतो : तुमच्या विम्याच्या कागदावर काय लिहिले आहे, ते कधी वाचलेत का?

विमा दोन तऱ्हांचा. पहिला थर्ड पार्टीचा. तो १९३९ च्या मोटार कायद्यात सक्तीचा होता, आणि आज चालू असलेल्या १९८८ च्या कायद्यातही आहे. नसला तर पहिल्या खेपेला दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता हा 'थर्ड' कोण? मालक एक, कंपनी दोन, आणि ज्याला तुमच्या गाडीचा धक्का बसला तो तिसरा. त्याच्या जिवाची किंवा इजेची भरपाई किती, हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते. त्याच्या भिंतीची, गाडीची नुकसानी साडेसात लाखांपर्यंत. पण तुमची स्वतःची गाडी घाटात उलटली तर या कागदावर एक पैसाही मिळत नाही. या विम्याचा हप्ता सरकार ठरवते, तेव्हा त्यात घासाघीस करण्यात हशील नाही.

दुसरा, ज्याला लोक 'फुल' म्हणतात, तो. यात गाडीची चोरी, आग, अपघात हे सारे येते. पण 'फुल' या शब्दावर जाऊ नका! गाडीची किंमत दरसाल कमी धरतात; चार वर्षे उलटली की ती निम्म्यावर येते. हप्ता वाचावा म्हणून काही जण ती आणखी कमी लिहवतात. गाडी चोरीला गेली की तेवढेच पैसे हाती येतात. रबर, प्लास्टिक, बॅटरी यांची भरपाई निम्मीच मिळते. आणि धंद्याच्या गाडीला आणखी एक मेख आहे. दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, रंग यांचे नुकसान, गाडी पार मोडीत निघाली नाही तर, मिळतच नाही. त्यासाठी जादा हप्ता भरून 'आयएमटी तेवीस' हे कलम घ्यावे लागते. आमच्याकडच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर पहिल्यांदा फुटतात ते हेच भाग, म्हणून मी तरी ते घ्या असेच म्हणेन. गाडीवर घरची चूल पेटत असेल तर फुल विम्यात काटकसर करू नये.

आता यात्रेची गोष्ट. मालाच्या गाडीत बसलेले यात्रेकरू थर्ड पार्टीत येतात, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. २००२ साली आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, मालवाहू गाडीतून असे नेलेल्या उतारूंची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणारा मालाचा धनी किंवा त्याने नेमलेला माणूस तेवढा विम्यात आला, आणि त्यानेही केबिनमध्ये बसावे. गाडीवरचा चालक आणि कामाला नेलेला हमाल यांचे रक्षण वेगळे आहे. पण नवस फेडायला निघालेले वीस जण? त्यांची भरपाई मालकाच्या माथ्यावर. कधी न्यायाधिकरण कंपनीला म्हणते, तू आधी दे आणि मग मालकाकडून वसूल कर. म्हणजे शेत विकायची पाळी मालकावरच. भाडे घेतले नव्हते, शेजाराखातर नेले, हे सांगून सुटका होत नाही. माणसे न्यायची असतील तर प्रवासी परवान्याची आणि तितक्या आसनांचा विमा उतरवलेली गाडी ठरवावी.

चालकाच्या परवान्याबद्दल मात्र एक दिलासा आहे. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो, असे पाच न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवले. त्याची मुदत संपू देऊ नये. पॉलिसीचीही तीच गत : नूतनीकरणाला नव्वद दिवसांहून उशीर झाला की, दावा न केल्याबद्दल साठलेली सूट बुडते.

पॉलिसीवर 'वापराची मर्यादा' म्हणून एक मजकूर असतो. तो बहुधा इंग्रजीत, बारीक टाइपात असतो. गावात गुरुजी असतील तर त्यांच्याकडून तो वाचून घ्यावा, आणि गुरुजींनीही शाळा सुटल्यावर तेवढी दहा मिनिटे द्यावीत.