फडावर जाणाऱ्यांची मोटारसायकल : उघड्या अंगणातील हिवाळी निगा

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातील व अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी भागातील अनेक वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. ऊसतोडणीस जाणारी जोडपी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात फडावर जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. मागे म्हातारी माणसे राहतात, जनावरे राहतात, आणि अलीकडे कित्येक अंगणांत एक मोटारसायकलही राहते. काही जण ती बरोबर नेतात. ज्यांना ते जमत नाही त्यांची गाडी चार-पाच महिने उघड्यावर एकाच जागी उभी असते. परतल्यावर ती सुरू होत नाही, आणि उचल फिटते न फिटते तोच दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. निघण्यापूर्वी अर्धा दिवस काढला तर हे नुकसान बव्हंशी टळते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दसऱ्यापूर्वीच ही गोष्ट वस्तीवर समजावून द्यावी.

गाडी थंडीने बिघडते असा समज आहे. तो बरोबर नाही. या भागातील थंडी यंत्रास सोसवते. खरा शत्रू आहे तो दव. हिवाळ्यात दुपारी तापमान तीस अंशांच्या आसपास असते व पहाटे ते दहा-बारा अंशांवर उतरते. निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षाही अधिक थंड होतो व त्यावर दव जमते. हीच क्रिया पेट्रोलच्या टाकीत आतूनही घडते. दुपारी टाकीतील हवा प्रसरण पावून झाकणाच्या बारीक छिद्रातून बाहेर जाते, रात्री आकुंचन पावते व बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. टाकी जितकी रिकामी, तितकी ही हवा अधिक.

त्यात पेट्रोलचे स्वरूप आता बदलले आहे. सन २०२५ पासून देशात सर्वत्र मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते, आणि त्यातील काही उसापासूनच तयार होते. म्हणजे तोडणी कामगाराने तोडलेला ऊस अशा वाटेने त्याच्याच टाकीत परत येतो! इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी बसतात. इंजिनास पुरवठा होतो तो तळातूनच. टाकी गंजण्याचा आरंभही तेथूनच होतो.

यास्तव अर्धी टाकी सर्वांत वाईट. निघण्याच्या आदल्या दिवशी ताजे पेट्रोल घेऊन टाकी भरावी व चार-पाच किलोमीटर गाडी चालवावी, म्हणजे ते सर्व नळ्यांत पोहोचते. जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीत नंतर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल राहिल्यास ते उडून जाऊन मागे चिकट राळ उरते व बारीक जेट बुजतात. मात्र सन २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर नसून इंजेक्शनची योजना असते. त्यांची टाकी कधीही कोरडी पडू देऊ नये. टाकीतील पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

पावसाळ्यातील चिखल मडगार्डखाली साठून राहिलेला असतो. तो धुऊन गाडी उन्हात पूर्ण वाळवावी. इंजिन गरम असतानाच जुने ऑइल काढून नवे भरावे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल व ओलावा मिसळलेला असतो; तो पाच महिने आत ठेवणे इष्ट नव्हे. इंजिन निवल्यावर स्पार्क प्लग काढून छिद्रातून चमचाभर स्वच्छ ऑइल सोडावे, चावी बंद ठेवून किक तीन-चार वेळा हलके दाबावी व प्लग पुन्हा बसवावा. किक नसल्यास वरच्या गिअरमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे. साखळी रॉकेल अथवा डिझेलने पुसून तीस गिअर ऑइल द्यावे; ब्रेकला मात्र तेलाचा थेंबही लागू देऊ नये.

बॅटरी काढून घरात ठेवावी. प्रथम काळी, म्हणजे ऋण बाजूची तार सोडावी व मग तांबडी. बसविताना क्रम उलट. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२.४ च्या खाली बराच काळ राहिला तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात व बॅटरी पुन्हा नीट भरत नाही. म्हणून महिन्यातून एकदा ती चार्ज करून आणण्यास घरच्या माणसास सांगून ठेवावे. लहान मुलांचा हात तिला लागू देऊ नये.

जागेची निवड महत्त्वाची आहे. गोठ्यालगत गाडी ठेवू नये. गोमूत्रातील अमोनियाने तांब्या-पितळेचे भाग खराब होतात. खताची पोतीही जवळ नसावीत. कडब्याच्या गंजीपाशी ठेवणे तर आगीस निमंत्रण होय. ओल्या मातीऐवजी फरशीवर किंवा फळीवर मधल्या स्टँडवर गाडी उभी करावी व टायरमध्ये हवा पुरती भरावी. सुगीनंतर उंदीर घराकडे वळतात. सीटखाली घर करून तारा कुरतडतात. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा बसवून त्याचे लाल टोक बाहेर लोंबते ठेवावे, म्हणजे काढण्याचा विसर पडत नाही.

पुष्कळ जण प्लॅस्टिकचा कागद गाडीभोवती घट्ट गुंडाळून दोरीने बांधतात. त्याने पाऊस अडतो, पण जमिनीतून येणारी वाफ आत कोंडते व कागदाखाली पत्रा रोज पहाटे भिजतो. त्यापेक्षा चार मेढी रोवून वर ताडपत्री ताणावी व खालून वारा खेळू द्यावा. दुसरी चूक म्हणजे मागे राहिलेल्या माणसाने आठवड्यातून पाच मिनिटे इंजिन चालू करणे. हेतू चांगला असतो. परंतु पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, आणि इंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद केल्यास ती सायलेन्सरमध्ये व ऑइलमध्ये थिजून राहते. चालवायचीच तर अर्धा तास रस्त्यावर चालवावी. नाही तर हात लावू नये.

परतल्यावर घाई करू नये. बोळा काढावा, तारा तपासाव्या, हवा भरावी. थोडे पेट्रोल तळातून काचेच्या बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवावे. ते एकसारखे स्वच्छ दिसल्यास ताजे पेट्रोल मिसळून गाडी सुरू करावी. गढूळ दिसले अथवा दोन थर पडले, तर सर्व टाकी रिकामी करून मगच चावी फिरवावी. इंजेक्शनच्या गाडीतील पेट्रोल मेकॅनिककडून काढवून घ्यावे. पहिली काही मिनिटे सायलेन्सरमधून निळसर धूर येईल. तो आत सोडलेल्या ऑइलचा असतो व लवकरच थांबतो.